कात्री खाली ठेवायची असते

त्या शांततेत फक्त खालची पिठाची गिरणी चालू होती. तिच्या पट्ट्याची थरथर फरशीतून वर येऊन आमच्या तळव्यांना लागत होती. वरच्या खोलीतल्या शिलाई मशिनी मात्र एकामागून एक थांबल्या होत्या. धोटेकाकूंचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच टेकलेला राहिला होता, माझ्या ओठांत दोऱ्याचे टोक ओले होत होते, आणि दारात दिवाकर उभा होता. उंबरठा त्याने अजून ओलांडला नव्हता. चपला मात्र बाहेर, जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर काढून ठेवल्या होत्या. नीट, जोडीने, देवळात यावे तशा. त्या जोडीने लावलेल्या चपलांचीच मला अधिक भीती वाटली.

तेवढ्यात रझियाच्या हातातली कात्री वाजली. रिकामी. पात्यांमध्ये कापड नव्हते. त्या दोन पात्यांनी नुसती हवा चावली.

रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण शिरते, हा आमच्या शिवणक्लासातला पहिला धडा होता. एरवी नगराळेबाईंची लाकडी पट्टी रझियाच्या बोटांवर बसली असती. त्या दिवशी बाईंनी मान वळवूनही पाहिले नाही. त्या दाराकडे पाहत होत्या.

"वयनी," दिवाकर हळू आवाजात म्हणाला, "चाल."

नंदा कापायच्या टेबलापाशी उभी होती. तिच्यासमोर मांजरपाट पसरलेले होते, त्यावर खडूने आखलेला ब्लाउजचा पुढचा भाग होता आणि बाही जोडायच्या मुंढ्याची गोलाई अर्धीच काढून झाली होती. तिने खडू खाली ठेवला नाही.

"क्लास सुटायचा हाय अजून, भाऊजी."

"सुटला," तो म्हणाला, आणि आत आला.

*

आमचे गाव कोळशाच्या खाणीचे. तिथे पांढऱ्या कापडाला संध्याकाळपर्यंतचेच आयुष्य असे. सकाळी पसरलेले मांजरपाट दुपारी करडे दिसू लागे, आणि मग बाई म्हणत, "झटका गं, कापायच्या आधी झटका. नाहीतर काळोखच शिवाल." मी एम.ए. होऊन घरी बसले होते. कॉलेजातल्या नेमणुकीची वाट पाहण्याला आई काम मानत नसे. "एवढे कवी वाचलेस, आता एक काज करून दाखव," म्हणून तिनेच मला त्या जिन्यावर चढवले.

नगराळेबाई बारीक अंगाच्या, ताठ. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्या शिकवत तेव्हा आवाज चढवत नसत. आवाज चढवण्याचे काम पट्टी करी. आधी जुन्या वर्तमानपत्रावर आखायचे, मग कापायचे. कागदाची कात्री वेगळी, कापडाची वेगळी. आधी झबलं, मग बाळाची टोपी, मग परकर, आणि पोरीचा हात बसला तरच ब्लाउज. कात्री टेबलावरून उचलायची नाही, खालचे पाते टेबलाला टेकवूनच पुढे न्यायचे. आणि कात्री कुणी कुणाच्या हातात द्यायची नाही. "खाली ठेव," बाई म्हणत. "जिला हवी ती उचलेल. हातात दिली की वैर देतो आपण, आणि वैर कुणी कुणाला देऊ नये. ज्याचं त्याने उचलावं." बाईंची स्वतःची मोठी कात्री, काळ्या मुठीची, टेबलाच्या खणात फ्लॅनेलच्या तुकड्यात झोपलेली असे. तिला आम्ही कुणी हात लावला नव्हता.

नंदाचे पूर्ण नाव बेबीनंदा. तिचा नवरा सुधाकर खाणीत होता. दुसऱ्या पाळीत छत खाली आले आणि तो त्याखाली राहिला. अशा माणसाच्या जागी घरातल्या एकाला खाण नोकरी देई. सासरी तेरवीच्या आतच ठरले: नोकरी धाकट्या दिवाकरला, आणि नंदा उघड्यावर पडायला नको म्हणून तिचाही पाट, विधवेचे दुसरे लग्न, दिवाकरशीच. घरातली नोकरी घरात, घरातली बाई घरात. गावाला हा न्याय इतका चोख वाटला की नंदाने नकार दिला तेव्हा लोकांना आधी ऐकूच आले नाही. तिने दुसऱ्यांदा सांगितले. "नोकरी मी करीन. पाट लावत नाही." मग एक लोखंडी पेटी घेऊन ती मावशीकडे राहायला आली, आणि नोकरीचा निकाल लागेपर्यंत हाताला काही असावे म्हणून आमच्या क्लासात.

शिकायला ती हुशार नव्हती. घाई करी. तिची एक चूक मला अजून दिसते. परकरासाठी लांब पट्टी कापायची होती. नंदाने कापडाचे एक टोक डाव्या हाताने टेबलाला दाबून धरले आणि दुसरे रझियाच्या हातात दिले. "ओढ," ती म्हणाली, "सरळ कापलं जाईन." रझियाने ओढले. कापड चांगले ताणले गेले. नंदाने कात्री लावली आणि अर्ध्यात येताच उरलेले कापड आपोआप टरकले. रझिया हातात तुकडा घेऊन मागे गेली, इस्त्रीच्या कोळशाच्या शेगडीला धडकली आणि फतकल मारून खाली बसली.

"या अल्ला, माझी कंबर!"

"लग्नाआधीच मोडली व बाई हिची," धोटेकाकू हसता हसता म्हणाल्या. "आता नवऱ्याले काय सांगशीन?"

सगळा क्लास हसत होता. नंदासुद्धा, तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो वाकडा फाटलेला तुकडा उचलला.

"ताणलेलं कापड कापायचं नाही, नंदा. सैल सोडायचं. ताणून कापलं की काय होतं पाहिलंस ना? कापणारी जागच्या जागी राहते. ओढणारी जाते."

"हव, बाई."

"ध्यानात ठेव."

पण ती चूक तिच्याकडून पुन्हा पुन्हा होत राहिली. पट्टी खाऊन खाऊन तिची बोटे सुजत, आणि तरी हात आपोआप कापड ताणायला जाई. ओढून धरल्यावाचून काही आपले राहते यावर तिचा विश्वास नसावा.

दिवाकर पहिल्यांदा आला तो झबल्याच्या दिवशी. नंदाचे पहिले झबले पुरे झाले होते, पिवळ्या वॉयलचे, गळ्याला हिरवी पट्टी लावलेले. ती त्याला इस्त्री करत होती. दिवाकरने ते टेबलावरून दोन बोटांत उचलून उजेडात धरले.

"कोणासाठी व हे, वयनी? दादाचं तं काही राह्यलं नाही तुह्या पोटी."

"द्या ते इकडे, भाऊजी."

"शिव ना, शिव. पुढच्या साली कामी येईन आपल्याले."

नंदाने झबले घ्यायला डावा हात पुढे केला. दिवाकरने झबले खाली टाकले, इस्त्री उचलली आणि त्या पुढे आलेल्या हातावर ठेवली. ठेवली म्हणजे दाबली. आम्हाला आधी कातडीचा आवाज ऐकू आला, मग वास आला, आणि सर्वांत शेवटी नंदाचा आवाज. खोलीभर कोळशाच्या इस्त्रीची ऊब पसरलेली होती आणि त्या उबेत भाजल्या मांसाचा वास मिसळत होता. धोटेकाकूंनी नाकातोंडाला पदर लावला. दिवाकरने इस्त्री पुन्हा तिच्या जाळीवर सरळ ठेवली.

"लागलं काय वयनी? पाह्यलं नाही मी."

बाई तिला घेऊन दवाखान्यात गेल्या, आणि तिथून चौकीत. चौकीतल्या माणसाने पान थुंकून घरचे भांडण घरात मिटवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी नंदा क्लासला आली, डाव्या हाताला फडके गुंडाळून. आम्ही सगळ्या तिच्याभोवती गोळा झालो. बाईंनी आम्हाला हाकलले.

"उजवा शाबूत आहे ना?"

"हव."

"मग बस. आज गळ्याची पट्टी."

त्याच आठवड्यात सायकलवरचा धारवाला गल्लीत ओरडला, तेव्हा बाई स्वतः खाली गेल्या. खणातली कात्री त्यांनी दिवाळीतच धार लावून आणली होती. तरी पुन्हा लावून आणली. दगडावर पाते धरले की उडतात त्या ठिणग्या मी खिडकीतून पाहत होते. बाई त्या ठिणग्यांच्या फार जवळ उभ्या होत्या.

*

तर त्या दिवशी दिवाकर आत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाला खाणीच्या कचेरीत साहेबापुढे उभे राहून आपल्या तोंडाने सांगायचे होते की नोकरी कोणाला हवी. हे गावाला ठाऊक होते. ती तिथे उभी राहिली नाही, किंवा राहून वेगळे बोलली, तर सगळे आपोआप दिवाकरचे होणार होते.

"अरे दिवाकर, बापा," धोटेकाकू म्हणाल्या, "लोकाइच्या लेकीबाळी बसल्या इथं. बाहेर थांब ना जरासा."

"काकू, तुमी तुमचा परकर शिवा." मग नंदाकडे वळून, "उद्या साहेबापुढं काय सांगशीन?"

"उद्या सांगीन."

"आज सांग. सगळ्याइपुढं सांग."

नंदाने बाईंकडे पाहिले नाही, आमच्याकडे पाहिले नाही. तिने मुंढ्याची उरलेली गोलाई खडूने पुरी केली. मग म्हणाली, "नोकरी मले पायजे. माह्या माणसाची हाय."

पहिल्या थपडेने तिची मान फिरली. दुसरीने ती टेबलावर आपटली, आणि तिच्या गालाखाली खडूची रेघ पुसली गेली. तो मारत होता ते चिडून नव्हे. चिडलेल्या माणसाच्या मारण्यात एक गोंधळ असतो. त्याच्यात तो नव्हता. धोटेकाकू उठून मध्ये आल्या, तेव्हा त्याने त्यांच्या मशीनला लाथ घातली. मशीन आडवे झाले, आणि त्याचे चाक कुणी फिरवत नसताना फिरत राहिले. मी कधी उठले मला आठवत नाही. मी त्याचे कोपर धरले होते. ते कोपर माझ्या हातातून सुटले आणि माझ्या तोंडावर आले. मी भिंतीशी बसले तेव्हा जिभेवर खारट आणि खरखरीत काहीतरी होते. दाताची कपची उडाली होती. समोरच्या मांजरपाटावर माझ्या रक्ताचे थेंब पडले, आणि त्या क्षणी मला मूर्खासारखे वाटले की हे झटकले पाहिजे, कापायच्या आधी झटकले पाहिजे.

त्याने नंदाची वेणी मुठीभोवती गुंडाळली. तिचे केस दाट नव्हते. सुधाकर गेल्यापासून तर मुठीमुठीने गळत होते. लांबी तेवढी होती. एक वेढा, मग दुसरा.

"चाल," तो म्हणाला.

तेव्हा खण उघडल्याचा आवाज झाला.

बाईंनी फ्लॅनेल सोडवले. ती कात्री आम्ही इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो. दिवाकरनेही पाहिली. त्याने नंदाला आपल्या पुढ्यात ओढून घेतले.

"म्हातारे, मले मारतं? ये."

बाई त्याच्याकडे गेल्या नाहीत. त्या टेबलाच्या दाराकडच्या कोपऱ्यापाशी आल्या. कात्री त्यांनी तिथे ठेवली. पाती आपल्याकडे, मूठ नंदाच्या उजव्या हाताकडे. मग त्या पाठ फिरवून भिंतीपर्यंत गेल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"आमच्या क्लासात कात्री कुणी कुणाच्या हातात देत नाही," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते कळले नाही.

नंदाने ती उचलली.

रझियाने डोळे मिटून घेतले होते, तिचे ओठ हलत होते. दिवाकर पात्यांकडे पाहत होता. क्षणभर, फक्त क्षणभर, त्याच्या चेहऱ्यावर लहान पोराचे भय आले. मग त्याला काहीतरी सुचले आणि तो हसला. मोकळा हात त्याने आडवा पसरला, छाती पुढे काढली.

"मार. मार ना व! मारशीन तं जेलात जाशीन. मंग नोकरी कोणाच्या घरात येईन? आमच्याच. मार."

त्याचे बरोबर होते. खोलीतल्या प्रत्येकीला ते एकाच वेळी उमगले असावे, कारण धोटेकाकू कळवळून ओरडल्या, "नको वो माय! नको नंदा, टाक ते खाली!"

नंदाने मारले नाही. कात्री मिटून तिने मांडीशी धरली. दिवाकर पाठमोरा होईना. त्या पात्यांना पाठ दाखवायची त्याची छाती नव्हती. तो तिच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी दाराकडे सरकू लागला, वेणी ओढत. ती त्याच्या मागे गेली. खोलीच्या मध्यापर्यंत तिने पाय रोवून धरले होते, ते तिने सोडले. एकेक पाऊल ती जात होती. ओढली जात होती, असे मी तेव्हा पाहिले.

तो उंबरठ्याबाहेर गेला. तिथे आमच्या जिन्याची वरची चौकोनी पायरी होती, जेमतेम माणूस मावेल एवढी, कठड्यावाचून. उंबरठ्याच्या आत नंदा थांबली. दोन्ही पाय तिने त्या उंच दगडी उंबरठ्याला आतून टेकवले. डावा हात, फडके गुंडाळलेला, दाराच्या चौकटीवर घट्ट बसवला.

"चाल म्हणतो ना!" दिवाकरने अंगातला सगळा भार मागे टाकून हिसका दिला. वेणी सरळ झाली. तिच्या खांद्यापासून त्याच्या मुठीपर्यंत एक रेघ.

नंदा त्याच्याकडे पाहत नव्हती. तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे, खाली गेली होती. बराच वेळ, निदान मला तो बराच वाटला. चौकटीवरच्या फडक्यातून लाल डाग वर येत होता. मग कात्रीची पाती उघडली.

तो आवाज कापडाचा नव्हता. ओली सुंभाची दोरी जनावराने चावावी तसा होता. एकदा, पुन्हा एकदा. आणि उरलेले केस आपोआप तुटले.

दिवाकर हातात वेणी घेऊन मागे गेला. त्याची टाच स्वतःच्याच चपलांवर पडली, जोडीने ठेवलेल्या. हवेत त्याने दुसऱ्या हाताने भिंत शोधली. पंजा गिलाव्यावर घासत गेल्याचे मला ऐकू आले. मग पायऱ्यांनी त्याला एकमेकींच्या स्वाधीन केले. दगडावर डोके आपटल्याचा आवाज मी कुठल्याही शब्दात बसवू शकलेले नाही, आणि बसवू इच्छितही नाही. खाली गिरणीच्या दाराशी बायका किंचाळल्या. कुणीतरी पट्टा थांबवला. फरशीतली थरथर गेली. तेव्हा कळले की आतापर्यंतची शांतता खरी नव्हती. खरी ही होती.

नंदा उंबरठ्यातच होती. तिची मान मोकळी झाली होती आणि केसांचे तुटके टोक खांद्यावर पंख्यासारखे उघडत चालले होते. तिने मागे वळून कात्री टेबलावर ठेवली. मूठ बाईंच्या बाजूला.

बाई भिंतीपासून हलल्या. त्यांनी कात्री फडक्याने पुसली, फ्लॅनेलमध्ये गुंडाळली आणि खणात ठेवली.

"खाली कुणी जाऊ नका," त्या म्हणाल्या. "मी जाते."

*

फौजदार आले तोवर दिवाकरचा प्राण गेलेला होता. वेणी त्याच्या मुठीतून सोडवायला दोघे लागले. मग एकेकीला विचारणे झाले.

"कात्री हिला कोणी दिली?"

"आमच्यात देत नाहीत," बाई म्हणाल्या. "खाली ठेवतात. विचारा हव्या तिला."

फौजदारांनी धोटेकाकूंकडे पाहिले. "खरं हाय साहेब," काकू रडत रडत म्हणाल्या, "हातात देल्ली तं बाई फोडून काढते आमाले."

"मारण्यासाठी ठेवली?"

"मारलं का तिनं?" बाईंनी विचारले. "एक ओरखडा दाखवा कात्रीचा. केस तिचे, डोकं तिचं. आपले केस कापायला कोणाची परवानगी लागते?"

शेवटी ते माझ्याकडे वळले. माझा ओठ सुजून आला होता. "तुम्ही शिकलेल्या दिसता. क्रमाने सांगा. काय पाहिलंत?"

मी क्रमाने सांगितले. थपडा, मशीन, वेणी, कात्री, उंबरठा, चपला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पाहिलेल्या गोष्टी ओळीने मांडल्या की त्यांचा अर्थ आपोआप लागतो अशी माझी समजूत होती, आणि त्या दिवशी जो लागला तो सगळ्यांना पुरला. स्वतःच्या चपलांवरून पाय घसरून जिन्यावरून पडला, असे ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कागदाच्या कात्रीने नंदाचे केस सारखे केले. "केसांना हीच," त्या म्हणाल्या. कानापर्यंत कापलेल्या केसांनी, एका गालावर बोटांचे वळ घेऊन, नंदा खाणीच्या साहेबापुढे उभी राहिली आणि जे सांगायचे ते तिने आपल्या तोंडाने सांगितले. तिच्या सासूने गल्लीच्या तोंडाशी बसून ऊर बडवला. "एक खाणीनं खाल्ला, एक इनं खाल्ला!" कचेरीतून परतणाऱ्या नंदाला त्याच गल्लीतून यावे लागले. ती मधून चालत आली. सासूपाशी थांबली, वाकून पाया पडली, आणि पुढे गेली. म्हातारी तेव्हा गप्प झाली. त्या पाया पडण्याचा आणि त्या गप्प होण्याचा अर्थही मला पुष्कळ उशिरा लागला.

*

मला नेमणूक मिळाली, दूरच्या गावी. या गोष्टीला आता बरीच वर्षे लोटली. मध्यंतरी रझियाच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. लग्नाच्या सकाळी माझ्या ब्लाउजची शिवण काखेत उसवली. रझिया म्हणाली, "वर नंदाकडे जा ना. दोन मिनिटात करून देईन."

खाली गिरणी तशीच होती. जिन्याला मात्र आता लोखंडी कठडा होता. वरची खोली, तेच टेबल. बाई जाऊन पुष्कळ काळ झाला होता. नंदा सकाळची पाळी खाणीच्या कँटीनमध्ये करी आणि दुपारी क्लास घेई. त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून सकाळीच मुली आल्या होत्या. तिने केस पुन्हा वाढवले नव्हते. कानाशी आखूड, आता पांढरे. मला पाहून तिने माझ्या दाताकडे पाहिले.

"बसवला नाही व ताई अजून?"

"राहू दिला."

ती हसली. ब्लाउज घेऊन ती टेबलाशी बसली, दुसऱ्या ब्लाउजवर पदर ओढून मी शेजारी. खणातून तिने फ्लॅनेल काढले. तीच काळी मूठ. आमच्यामागे दोन नव्या पोरी मांजरपाट कापत होत्या. एकीने टोक ओढून धरले होते, दुसरी कात्री लावत होती. नंदाने वर न पाहताच ऐकले असावे. ताणलेल्या कापडाचा आवाज वेगळा असतो.

"ताणून कापू नको व पोरी. सैल सोड." सुई ओवता ओवता ती म्हणाली, "कापणारी जागच्या जागी राह्यते. ओढणारी जाते."

पोरी खिदळल्या. एकीने दुसरीला कोपर मारले.

मी मात्र हलले नाही. टेबलाचा तो दाराकडचा कोपरा माझ्या हातापाशी होता. तिथून दारापर्यंतची मोकळी फरशी मी पाहत होते, मग तो उंच उंबरठा, मग चौकटीचे लाकूड, जिथे हात घट्ट बसतो. खोलीच्या मध्यापर्यंत रोवलेले आणि मग सोडून दिलेले पाय. त्याच्या खांद्यावरून खाली गेलेली ती नजर.

"नंदा," मी हळूच म्हणाले, "कात्री तुझ्या हातात इथंच आली होती. या कोपऱ्याशी."

ती टाके घालत होती.

"वेणी इथंच कापता आली असती. मग दारापर्यंत का गेलीस?"

दोन टाके तिने आणखी घातले, बारीक, एकसारखे. गाठ मारली. काळ्या मुठीची कात्री घेऊन दोरा कापला. जुनी सवय विसरून मी ती घ्यायला हात पुढे केला होता. तिने तो पाहिला. कात्री तिने टेबलावर ठेवली, पाती आपल्याकडे, मूठ माझ्याकडे. आणि तिच्याशेजारी घडी घातलेला ब्लाउज. जिला हवी ती उचलेल, बाई म्हणत.

मग ती उठली. मुलींच्या मधून वाट काढत दारापाशी गेली, उंबरठा ओलांडला, आणि जिना उतरू लागली. कठड्याला तिने हात लावला नाही.